न पाहिलेल्या शहराच्या सूचना

लायडन हे शहर मी पाहिलेलं नाही. एवढं एक वाक्य मी वेळेवर बोलले असते, तर पुढचं काही लिहायची वेळ आली नसती.

तेव्हा मी दुबई मरीनातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात कामाला होते. व्हिसाचं काम बघणारे वेगळे, हॉटेल-तिकिटं बघणारे वेगळे. माझ्याकडे कंटेंट. म्हणजे आमच्या वेबसाइटवर प्रत्येक शहराचं एक पान असायचं आणि त्यावर प्रवाशांसाठी उपयोगी सूचना असायच्या. कुठं उतरावं, स्टेशनावरून गावात कसं जावं, दुकानं किती वाजता बंद होतात, पाणी नळाचं प्यावं की विकत घ्यावं. ती पानं मी लिहायचे. चौदाव्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली बोटी दिसायच्या आणि त्या बघत बघत मी प्रागच्या ट्रामबद्दल लिहायचे. नकाशे उघडायचे, फोटो बघायचे, लोकांनी इंटरनेटवर लिहिलेलं वाचायचे. पान झालं की मॅनेजर ‘ओके’ म्हणायचे आणि पान चढायचं. यात काही चूक आहे असं मला कधी वाटलं नाही. सगळेच असं करतात, असं मी धरून चालले होते.

ज्या वयस्क जोडप्याला मी पुढं काका-काकू म्हणायला लागले, ते पहिल्यांदा ऑफिसात आले ते मार्चमध्ये. अमिरातीच्या दुसऱ्या टोकाच्या फुजैरा बंदरातून गाडी चालवत आले होते. काका तिथल्या तेलाच्या टर्मिनलवर तीस वर्षं नोकरीला होते. जहाजं इंधन भरायला येतात, त्यांचं सगळं काम काकांच्या हाताखालून जायचं. आता रिटायर होऊन, व्हिसा कॅन्सल करून गुहागरला कायमचं परत जायचं होतं. त्याआधी त्यांना एकच देश बघायचा होता, नेदरलँड्स. इतकी वर्षं जहाजांच्या मागच्या बाजूला ‘रॉटरडॅम’ हे नाव वाचत आलो, ते गाव एकदा डोळ्यांनी बघू दे, असं ते म्हणाले. काकूंना ट्युलिपचे मळे बघायचे होते.

मराठी गिऱ्हाईक म्हटल्यावर सेल्सच्या मुलीनं त्यांना माझ्या टेबलावर पाठवलं. एप्रिलच्या गर्दीत रॉटरडॅममधली हॉटेलं त्यांच्या बजेटच्या वर जात होती. मी म्हटलं, लायडनला राहा. छोटं शहर आहे, कालव्यांचं आहे, ट्युलिपचे मळे जवळ, रॉटरडॅम ट्रेननं अर्ध्या तासावर. हे सगळं खरं होतं. मी ते इतक्या सहज सांगितलं, की काकू माझ्याकडे कौतुकानं बघत म्हणाल्या, “तुला तिथलं सगळं तोंडपाठ आहे गं. बरीच वर्षं होतीस वाटतं तिकडे?”

मी हसले. तेवढंच. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. समोर लगेच फोन वाजला आणि विषय तिथंच राहिला.

निघताना काकूंनी एक मागणी केली. इंग्रजी त्यांना वाचता यायचं, पण घाईत नाही. त्या सूचना मराठीत लिहून दिल्या तर पर्समध्ये ठेवता येतील, असं त्या म्हणाल्या. त्या फुजैरात कधी एकट्या बाहेर पडल्या नव्हत्या, दवाखान्यातसुद्धा काकाच गाडीनं न्यायचे, त्यामुळे परदेशाची त्यांना धास्ती होती. मी दोन दिवसांत दोन पानं मोठ्या अक्षरांत टाइप करून दिली. अगदी मन लावून केली. इंग्रजी पानावर कालव्याकाठच्या एका सुंदर लाल रस्त्यानं फेरफटका मारा, एवढंच होतं. मराठीत मी त्यात माझ्याकडून भर घातली. काका खुर्चीतून उठताना गुडघा धरतात हे मी पाहिलं होतं. म्हणून लिहिलं: ‘पाण्याच्या कडेनं रुंद, सपाट, लाल रंगाचा रस्ता लागेल. तिथं मोटारी येत नाहीत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी दगडी फुटपाथ सोडून या रस्त्यानं निवांत चालावं.’

त्या रस्त्याचा फोटो मी कितीदा तरी पाहिला होता. सकाळचं ऊन, झाडांची ओळ, पाण्यात घरांची प्रतिबिंबं, आणि रिकामा, गुळगुळीत, विटकरी लाल रस्ता.

ते गेल्यानंतरच्या पाचव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, मी मीटिंगमधून बाहेर येत होते तेव्हा माझ्या मोबाइलवर नेदरलँड्सचा नंबर आला. काकू होत्या. आवाज शांत होता, त्यामुळे मला आधी काही कळलंच नाही.

“अगं, ह्यांना सायकलनं उडवलं. खुब्याचं हाड मोडलंय. आत्ता ऑपरेशनला नेतायत.”

मी विचारलं, कुठं झालं, कसं झालं. त्या म्हणाल्या, “तू लिहिलंस ना, तो लाल रस्ता. त्याच रस्त्यावर.”

त्या मला दोष देत नव्हत्या, जागा सांगत होत्या. मला ठिकाण लगेच लक्षात यावं म्हणून सांगत होत्या. मी त्यांना धीर दिला, इन्शुरन्सचा नंबर मेसेज केला, तासाभरात परत फोन करते म्हणाले. मग टेबलावर येऊन बसले आणि लायडनचं पान उघडलं.

‘लाल रस्ता’ असं शोधल्यावर उत्तर मिळायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. त्या देशात सायकलींसाठी वेगळे रस्ते असतात आणि त्यातले पुष्कळसे लाल असतात. माणसांनी तिथं चालायचं नसतं. लहान मुलालाही माहीत असलेली गोष्ट असावी तसं ते जिथंतिथं लिहिलेलं होतं. मी दोन वर्षांपूर्वी पान लिहिलं तेव्हाही ते असणारच. मी तो शब्द शोधला नव्हता, कारण त्यात शोधण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. फोटोत एकही सायकल नव्हती.

आणि त्याच पानावर, चार ओळी वर, मी स्वतःच लिहिलं होतं: सायकलींपासून सांभाळून राहा, त्या थांबत नाहीत.

एसी जोरात आहे असं वाटून मी शाल घेतली. शेजारच्या मुलीनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, एका क्लायंटचा ॲक्सिडेंट झालाय. ‘माझ्यामुळे’ हा शब्द तोंडातून निघाला नाही.

दुपारी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. ते हैदराबादचे. तसा माणूस वाईट नव्हता, आमच्या आजारपणात स्वतः गाडी पाठवणारा. मी त्यांना लाल रस्त्याची आणि सायकलींची, अशा दोन्ही ओळी दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून वाचल्या. मग म्हणाले, “लाइन निकाल दो, खलास. लेकिन क्लायंट को कुछ लिख के मत देना. सॉरी भी नहीं.”

मी जागेवर येऊन लाल रस्त्याची ओळ खोडली. सेव्ह केलं. पान पुन्हा उघडलं तर ते पहिल्यासारखंच सुबक दिसत होतं, मध्ये काही होतं याची खूणसुद्धा नव्हती. मला त्याचाच धक्का बसला. तिकडे एका माणसाच्या खुब्यात खिळे ठोकत होते आणि इकडे माझं वाक्य दोन सेकंदांत कधी नव्हतंच असं झालं होतं. आता ते फक्त एकाच ठिकाणी उरलं होतं, काकूंच्या पर्समध्ये.

पुढचे तीन आठवडे मी रोज काकूंशी बोलले. हॉटेलची मुदत वाढवून दिली, मग स्वस्तात एक खोली शोधून दिली, विमानाची तारीख बदलली, व्हिसाच्या मुदतीसाठी हॉस्पिटलचं पत्र कुणाला दाखवायचं ते विचारून सांगितलं. काकू दर वेळी म्हणायच्या, तू होतीस म्हणून निभावलं. मी दर वेळी म्हणायचे, त्यात काय. एकदा त्यांनी विचारलं, इथं स्टेशनासमोर बस कुठल्या बाजूला थांबते, तुला आठवतंय का. मी नकाशा उघडून, आठवल्यासारखं करून सांगितलं.

आम्ही तेव्हा दुबईबाहेर, उम्म अल कुवैनला राहायचो. नवऱ्याचं वर्कशॉप तिथल्या इंडस्ट्रियल एरियात होतं. संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावर मी त्याला सगळं सांगत होते. तो म्हणाला, तू मुद्दाम केलं नाहीस, एवढी मदत करत्येस, आणखी काय करणार. माझी पंधरा वर्षांची मुलगी इतका वेळ फोनमध्ये डोकं घालून बसली होती. तिनं मान वर केली.

“मॉम, बट यू हॅव नेव्हर बीन देअर. डू दे नो दॅट?”

मी म्हटलं, नाही.

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी आईच्या नात्यानं तिच्यावर कितीदा रोखली असेल. मग ती पुन्हा फोनमध्ये गेली. त्या क्षणापर्यंत मी चूक झाली, चूक झाली असंच म्हणत होते. मी खोटं बोलत होते, अजूनही रोज बोलते आहे, हे मला माझ्या मुलीच्या एका प्रश्नानं कळलं.

काका-काकू मेच्या मध्यावर परत आले. त्यांना तीन-चार दिवस विश्रांती मिळू दिली आणि शनिवारी सकाळी मी एकटीच फुजैराला गेले. डोंगरातून रस्ता जातो. एरवी मला तो रस्ता आवडतो, पण त्या दिवशी मी सबंध वाटेत वाक्यं जुळवत होते आणि पहिलंच वाक्य जुळत नव्हतं.

त्यांच्या फ्लॅटमध्ये सामानाची बांधाबांध चालली होती. भिंतीला खोकी लावलेली, त्यांवर मार्करनं ‘भांडी’, ‘देव’, ‘पुस्तकं’ लिहिलेलं. काका हॉलमध्ये उंच खुर्चीवर बसले होते, समोर वॉकर. महिन्याभरात ते फार वाळले होते, शर्टाची कॉलर मानेपासून सुटलेली होती. मला बघून खूश झाले. काकूंनी कोकम सरबत आणलं. मी ग्लास हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

म्हटलं, मला तुम्हाला एक सांगायचंय. तो लाल रस्ता सायकलींचा होता, माणसांचा नव्हता. मला ते माहीत नव्हतं. तुम्हाला तिथून चाला असं मी लिहिलं, ते चुकीचं होतं.

काका म्हणाले, ते आम्हाला तिथंच कळलं. रस्त्यावर पडल्यापडल्याच कळलं.

काकू म्हणाल्या, “अगं, होतं असं. तू राहत होतीस तेव्हा वेगळं असेल. आता बदललं असेल तिथं.”

इतके दिवस ज्या वाक्याची मला भीती वाटत होती ते आता टाळता येण्यासारखं नव्हतं. मी म्हणाले, “काकू, मी तिथं कधीच राहिले नाही. मी लायडन पाहिलेलंच नाही.”



“म्हणजे एकदासुद्धा नाही?”

“नाही. फोटो बघून लिहिलं.”

त्या उठल्या आणि आत गेल्या. आता त्या बाहेर येणार नाहीत असं मला वाटलं. पण त्या पर्स घेऊन आल्या, त्यातून माझी ती दोन पानं काढली आणि माझ्या समोर ठेवली. घड्यांवर फाटायला आली होती. कडेला निळ्या पेननं बारीक अक्षरांत काय काय लिहिलेलं होतं, काही ओळींवर काट मारलेली होती.

“सायकलवर एक बाई होती,” काकू म्हणाल्या. “पुढं लाकडी पेटी असते ना, तसली सायकल. पेटीत तिचं मूल होतं, चारेक वर्षांचं. हे मध्ये आले तशी तिनं ब्रेक दाबला आणि ते पोर तोंडावर आपटलं. हनुवटी फुटली त्याची. टाके पडले.”

मुलाचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. तीन आठवडे रोज बोलूनही नाही. मी काका पडले एवढंच धरून बसले होते. त्या सायकलवर कुणीतरी असणार आणि तेही पडलं असणार हा विचारच माझ्या डोक्यात आला नव्हता.

काकूंनी पुढचं सगळं सांगितलं. ती बाई एका हातानं मुलाच्या हनुवटीवर रुमाल दाबून, दुसऱ्या हातानं काकांचं डोकं सावरून, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ओल्या रस्त्यावर बसून राहिली होती. दोन दिवसांनी ती हॉस्पिटलमध्ये काकांना बघायला आली. चौकशी केली आणि मग सरळ विचारलं, तुम्ही सायकलच्या रस्त्यावर का चालत होतात? आवाज न चढवता, पण अगदी तोंडावर. काकूंनी पर्समधून हीच पानं काढून तिला दाखवली. तिला मराठी कुठून कळणार. काकूंनी तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं, आमच्या मॅडमनं असं लिहून दिलंय. त्या बाईला ते पटेना. इथं राहिलेला कुठलाही माणूस असं लिहिणार नाही, असं ती म्हणाली.

“मी तिला सांगितलं, आमची मॅडम इथं पुष्कळ वर्षं राहिलीय. तुझ्याहून जास्त माहिती आहे तिला. तुमच्यासाठी मी त्या बाईशी वाद घातला. जिच्या पोराला टाके पडले होते तिच्याशी.”

‘तुमच्यासाठी’ हा शब्द मला जरा उशिरानं ऐकू आला. मार्चपासून मी त्यांची ‘अगं’ होते, ‘तू’ होते. त्या आवाज न चढवता मला ‘तुम्ही’ म्हणायला लागल्या होत्या. मला त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मी ऐकून घेतले असते. ते ‘तुम्ही’ मात्र मला झेपलं नाही. मी रडायला लागले. कुणी मला रडू नको म्हटलं नाही.

मग काका बोलले. ते मला ऑफिसातल्यासारखं मॅडमच म्हणायचे.

“मॅडम, आमच्या टर्मिनलवर नियम होता. ज्यानं व्हॉल्व्ह स्वतःच्या हातानं उघडलाय त्यानंच त्याची प्रोसीजर लिहायची. ऑफिसात बसून लिहिलेल्या कागदावर मी कधी सही केली नाही. दोनदा मोठ्या साहेबांशी भांडलो त्यावरून.” मग त्यांनी विचारलं, “ते पान अजून आहे का?”

मी म्हटलं, आहे. ती ओळ काढली, बाकीचं आहे.

“मग बाकीचं कशावरून बरोबर?”

काका म्हणाले, हिला विचारा. मी पलंगावर पडून होतो, मी काय बघितलं? तीन आठवडे त्या गावात ही राहिली.

काकूंची तयारी नव्हती. त्या म्हणाल्या, मला पॅकिंग आहे. स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांचा आवाज करत राहिल्या. मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात त्या परत आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि माझी पानं पुढं घेतली. ऐकवल्याशिवाय त्यांना राहवेना असं मला वाटलं.

पहिल्याच ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, ट्रेनमध्ये चढताना कार्ड मशीनला लावा. “आणि उतरल्यावर? उतरल्यावर परत लावायचं असतं. नाहीतर भरमसाट कापतात. माझे दोनदा कापले. हे लिहिलंय का तुम्ही? नाही.”

मी वही काढली.

मी ‘कालव्याकाठची जुनी, देखणी घरं’ असं लिहिलं होतं. काकू म्हणाल्या, देखणी आहेत, पण आतला जिना शिडीसारखा उभा. सामान वर चढवताना मी दोरी धरून चढत होते. म्हाताऱ्या माणसानं खोली घेताना पहिला प्रश्न जिन्याचा विचारायचा. दुकानं लवकर बंद होतात एवढं मी लिहिलं होतं. किती लवकर ते त्यांनी सांगितलं, आणि हेही, की रविवारी सकाळी गावात चिटपाखरू नसतं. त्या पहिल्या रविवारी दूध शोधत तासभर फिरल्या आणि शेवटी स्टेशनातल्या दुकानात मिळालं. कॉफी चार युरो, म्हणजे सतरा दिराम, म्हणजे चारशे रुपये, आणि सोबत बिस्किट एकच. ट्रेनचे काही डबे गप्प बसण्याचे असतात. काचेवर लिहिलेलं असतं, पण त्यांच्या भाषेत. काकू अशाच डब्यात बसून गुहागरच्या जावेशी फोनवर मोठ्यानं बोलत होत्या. समोरच्या माणसानं नुसतं काचेकडे बोट दाखवलं. “मला वाटलं, तो बाहेरची फुलं दाखवतोय. मी थँक्यू म्हणून बोलतच राहिले.”

हे सांगताना त्या स्वतःच थोडं हसल्या आणि लगेच थांबल्या.

हॉस्पिटलचं सांगताना मात्र त्यांचा आवाज बदलला. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी नर्सनं काकांना उभं केलं होतं. काका कळवळत होते. काकू मध्ये पडल्या, रडल्या, ह्यांना झोपू द्या म्हणाल्या. नर्सनं त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, तुमच्या रडण्यानं ते बरे होणार नाहीत, चालण्यानं होतील. तुम्हाला बघवत नसेल तर बाहेर थांबा. “मला कुणी आयुष्यात असं बोललं नव्हतं. कॉरिडॉरमध्ये जाऊन बसले. मग वाटलं, खरं बोलली ती. दुसऱ्या दिवसापासून मीच ह्यांना उठवायला लागले.” दुपारच्या जेवणाला तिथं गार ब्रेड आणि चीज असतं, गरम जेवण दिवसातून एकदा, हेही लिहा म्हणाल्या, आजारी माणसाच्या नातेवाइकाला ते आधी माहीत असलेलं बरं.

आणि त्या सायकलवाल्या बाईचं. तिचा पत्ता घेऊन काकू एका दुपारी खोलीतल्या छोट्या शेगडीवर शिरा करून तिच्या घरी गेल्या होत्या, मुलासाठी. बाईनं दार उघडलं, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, आज जमणार नाही, गुरुवारी तीन वाजता या. काकू शिऱ्याचा डबा घेऊन तशाच परत. इतका अपमान झाला असं त्यांना वाटलं, की पुन्हा तिकडे फिरकायचं नाही असं ठरवलं. पण गुरुवारी तीनला गेल्या. बाईनं टेबल मांडून ठेवलं होतं, कामावरून सुटी घेतली होती, दीड तास बसवून घेतलं. मुलानं हनुवटीवरची पट्टी काढून टाके दाखवले. त्या घरात संडासाच्या भिंतीवर ओळखीच्यांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर होतं, आणि निघताना बाईनं काकूंची जन्मतारीख विचारून त्यात लिहिली.

“संडासात माझं नाव,” काकू म्हणाल्या. “मला कळेना, हसू का रागवू. मग तिनं सांगितलं, रोज जाऊन बघतो म्हणून तिथंच लावतात. तर हे लिहा, की न सांगता कुणाकडे जाऊ नका. पण वेळ दिली की ती माणसं पाळतात.”

तीन तास त्या सांगत होत्या आणि मी लिहीत होते. माझ्या दोन पानांतल्या फार थोड्या ओळी शिल्लक राहिल्या. जी बाई फुजैरात भाजीच्या दुकानापर्यंत एकटी जात नव्हती, ती मला एका परक्या शहरातली बस, बाजार, दवाखाना, माणसं असं एकेक करून शिकवत होती, आणि मी, जिनं ते शहर विकलं होतं, शाळेतल्या मुलीसारखी वहीत उतरवून घेत होते. अधूनमधून काका आश्चर्यानं काकूंकडे बघत. त्यातल्या पुष्कळ गोष्टी त्यांनीही पहिल्यांदाच ऐकल्या असाव्यात.

मी निघाले तेव्हा काकू दारापर्यंत आल्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही, पण पायही मागे घेतले नाहीत. म्हणाल्या, “सावकाश चालवा गाडी.”

परतीच्या वाटेवर डोंगर ओलांडताना मला एकदम आठवलं, आणि मी गाडी कडेला घेतली. लायडन हे एक पान. अशी चाळीसच्या वर पानं मी लिहिली होती. प्राग, तिबिलिसी, बाकू, क्राकोव्ह. त्यातलं एकही शहर मी पाहिलेलं नव्हतं. दर आठवड्याला कुणी ना कुणी ती पानं वाचून विमानात बसत होतं. आत्ता या घटकेला कोण कुठल्या रस्त्यानं चालत असेल, कुणास ठाऊक. गाडीच्या काचेवर ऊन तापत होतं. मी इंजिन चालू ठेवून नुसती बसून राहिले.

सोमवारी मी मॅनेजरना काकूंचं पान दिलं. त्यांना ते आवडलं. त्यांनी दोनच ओळी कापल्या. एक हॉस्पिटलची, कारण ती वाचून लोक घाबरतील. दुसरी मी शेवटी लिहिलेली: ही माहिती तिथं तीन आठवडे राहिलेल्या एका प्रवासी बाईंनी दिली आहे, पान लिहिणाऱ्यानं हे शहर पाहिलेलं नाही. ती कापू नका म्हणून मी बराच वेळ वाद घातला. ते म्हणाले, मॅडम, ऐसा लिखोगे तो बुकिंग कौन करेगा. त्यांचंही बरोबर होतं. तडजोड म्हणून हॉस्पिटलची ओळ त्यांनी परत घातली, माझी ओळ नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काका-काकू गेले. मी विमानतळावर गेले होते. काका व्हीलचेअरवर, सगळे पासपोर्ट आणि कागद काकूंच्या हातात. काउंटरवर बॅगेच्या वजनावरून काहीतरी अडलं, तर काकूच हिंदीत बोलून सोडवून आल्या. काकांनी मला जवळ बोलावून हळू आवाजात सांगितलं, पायाची लांबी जराशी कमी झालीय, बुटात गादी घालावी लागते, बाकी ठीक. माफी वगैरे काही त्यांनी माझ्याकडून मागितली नाही. काकू निरोप घेताना माझ्याशी नीट बोलल्या, गुहागरला या म्हणाल्या. ‘या’ म्हणाल्या.

मी ती नोकरी आणखी आठ महिने केली. त्या आठ महिन्यांत एक काम मी ऑफिसात न विचारता केलं. जे क्लायंट प्रवासाहून परत यायचे त्यांना एकेकाला फोन करायचे आणि माझं पान वाचून दाखवून विचारायचे, यातलं चुकीचं काय ते सांगा. पहिल्यांदा लोक संकोचायचे. मग बोलायला लागायचे, आणि थांबायचे नाहीत. एका आजोबांनी तिबिलिसीच्या हॉटेलासमोरच्या चढाचं असं वर्णन केलं, की मी त्यांना पाणी पिऊन या म्हणाले. त्या सगळ्यांपैकी एकही पान जसंच्या तसं राहिलं नाही. काही पानांना मला माणूसच भेटला नाही, ती मी काढायला लावली. मॅनेजर त्यावरून चिडले, आणि पुढं मी नोकरी सोडली तेव्हा त्यांनी फार आग्रह केला नाही.

आता मी अजमानला एका शाळेच्या ऑफिसात आहे. प्रवेशाचे अर्ज तपासते. पालक माहिती विचारतात आणि मला माहीत नसेल तर मी तसं सांगते. त्यांना ते आवडत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं. गुहागरला मी दिवाळीत फोन करते. काका उचलतात, तब्येतीचं सांगतात, अंगणात रोज चालतो म्हणतात. काकू समोर असल्या तर फोन त्यांच्या हातात जातो, आणि आम्ही पाऊसपाणी, माझी मुलगी, त्यांची आंब्याची कलमं असं थोडं बोलतो. मागच्या वेळी त्यांनी सांगितलं, की त्या डच बाईचं त्यांच्या वाढदिवसाला पत्र आलं, मुलाच्या फोटोसकट. हनुवटीवरचा व्रण दिसतो का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही.